सांध्यातला ससा

सशाला मी निशाचर म्हटलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

काम साधं होतं. रानातल्या सशांवरचा एक माहितीपट आणि त्याला मराठी उपशीर्षकं. पडद्यावर खाली दोन ओळी, एकेका ओळीत चाळीस-बेचाळीस अक्षरं, त्यात मावेल तेवढंच बोलायचं. निवेदक मऊ आवाजात म्हणाला की ससे ‘क्रेपस्क्युलर’ असतात. शब्द ओळखीचा वाटला. अनुवादकाचा घात बहुतेक वेळा असे ओळखीचे वाटणारे शब्दच करतात. डोक्यात कुठेतरी अंधारासारखं काहीतरी हललं आणि हात लिहूनही मोकळा झाला: ‘ससे निशाचर असतात.’ मी पुढच्या वाक्याकडे वळले.

दोन दिवसांनी संपादकाचा शेरा आला. ‘निशाचर म्हणजे रात्री हिंडणारा. शिवाय राक्षस. चित्र बघा.’

चित्र बघितलं. सगळ्या चौकटीवर निळसर राखाडी उजेड. गवताच्या कडा अजून सुट्या सुट्या दिसतायत, पण त्यांचा हिरवा रंग उडालाय. ससा मागच्या पायांवर उभा राहून कान फिरवतोय, एक इकडे, एक तिकडे. रात्र कुठे होती? मी आवाज ऐकला होता, चित्राकडे बघितलंच नव्हतं. आणि राक्षसाचं म्हणाल तर त्या प्राण्याचे ओठ नुसते थरथरत होते.

शब्दकोश उघडला. ‘संधिप्रकाशाचा, अंधुक.’ बरोबर होतं, पण मान्य करायला जीव होईना. एक तर तो शब्द कानाला विचित्र. सावकाश म्हणून बघा: क्रे-पस्-क्यु-लर. एखाद्या त्वचारोगाचं नाव असावं, डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत सांगितलेलं. मधोमध चक्क ‘पस’ आहे. दिवसातल्या सगळ्यात देखण्या वेळेला इंग्रजीनं हे असलं विशेषण का लावावं? (मुरगळलेल्या पायाला बांधतात त्या क्रेप बँडेजशी याचं नातं असेल, असंही क्षणभर वाटून गेलं. नाही. तो ‘क्रेप’ लॅटिनमधल्या ‘क्रिस्पुस’वरून आला, म्हणजे कुरळा, चुणीदार.)

खरं तर इंग्रजीकडे या वेळेसाठी घरचा, गोड शब्द आहे: ट्वायलाइट. त्यातला ‘ट्वाय’ म्हणजे दोन. दुहेरी किंवा अर्धा उजेड. पण नाम घरचं आणि विशेषण बाहेरून मागवलेलं, ही इंग्रजीची जुनी खोड आहे. सूर्य ‘सन’, पण सूर्याचा तो ‘सोलर’. चंद्र ‘मून’, पण चंद्राचा तो ‘ल्यूनर’. कुत्रा ‘डॉग’, त्याचे दात मात्र ‘केनाइन’. बोलणारा साक्सन, लिहिणारा रोमन. आपल्याला हसायला जागा नाही, कारण आपणही हेच करतो. दूध म्हणतो आणि पदार्थ दुग्धजन्य होतात. दात म्हणतो आणि वर्ण दंत्य होतो. ओठ म्हणतो आणि प-फ-ब-भ ओष्ठ्य. घरात सांज होते, लिहायला बसलं की ती सांध्य होते. त्यांना लॅटिन, आपल्याला संस्कृत. विशेषणाची वेळ आली की दोघंही कपाटातला इस्त्रीचा सदरा काढतात.

शेवटच्या ‘लर’मध्येही एक लहानशी गंमत आहे. लॅटिनमध्ये नामाचं विशेषण करायला ‘आलिस’ हा प्रत्यय लागतो. इंग्रजीतले मॉर्टल, नेव्हल, नॅचरल हे त्याचेच वंशज. पण मूळ शब्दात आधीच ‘ल’ असेल तर रोमन जिभेला दोन ‘ल’ इतके जवळ नकोसे होत, आणि दुसऱ्याचा ‘र’ व्हायचा. म्हणून सोलर, ल्यूनर, पॉप्युलर; आणि म्हणूनच रात्रीचा ‘नॉक्टर्नल’ असला तरी सांजेचा ‘क्रेपस्क्युलर’. जिभेच्या सोयीसाठी दोन हजार वर्षांपूर्वी केलेली तडजोड सशाच्या नशिबी आली.

मूळ नाम ‘क्रेपुस्कुलुम’, म्हणजे दिवस मावळल्यावरचा अंधुक काळ. ते निघालं ‘क्रेपेर’ या विशेषणावरून. इथे मला थांबावं लागलं, कारण क्रेपेर म्हणजे अंधारलेला, आणि क्रेपेर म्हणजे शंकास्पद. अनिश्चित. धड कळत नाही असा. ल्युक्रिशियस हा रोमन कवी लढाईला हे विशेषण लावतो: क्रेपेर युद्ध, म्हणजे ज्याचं पारडं कुणाकडे झुकेल ते सांगता येत नाही असं. तिथे संध्याकाळचा संबंध नाही, उजेडाचाही नाही.

या शब्दाचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात लोभस पंचनामा वारोनं करून ठेवलाय. मार्कुस तेरेंतियुस वारो, इसवी सनपूर्व ११६ ते २७. रोममधला अफाट वाचलेला माणूस. त्यानं लॅटिन भाषेवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यातले थोडेच भाग आज उरलेत, आणि नशिबानं काळवेळेच्या शब्दांचा भाग त्यात आहे. तो म्हणतो, क्रेपेर म्हणजे संशयाचं. आणि या वेळेला क्रेपुस्कुलुम म्हणतात ते अशासाठी, की अजून दिवस आहे की रात्र झाली याबद्दल पुष्कळांना संशय असतो. ‘पुष्कळांना’ हा त्याचाच शब्द. तो वाचताना मला उंबऱ्यावर उभे राहून आकाशाकडे बघत वाद घालणारे चार रोमन दिसले.

पुढे तो म्हणतो, हा शब्द रोमनांनी शेजारच्या सबाइन लोकांकडून घेतला. हे तो सांगतो याला वजन आहे, कारण तो स्वतः सबाइन मुलखातल्या रेआते गावचा. आणि मग सहज सांगावं तसं सांगून जातो की अमितेर्नुममध्ये (हे प्राचीन गाव आजच्या इटलीतल्या लाक्विला शहराजवळ होतं) जी माणसं या वेळेला जन्मली त्यांना ‘क्रेपुस्कुस’ म्हणत, जसं पहिल्या उजेडाला जन्मलेल्यांना लूकियुस.

हे वाक्य मी तीनदा वाचलं. लूकियुस, म्हणजे इंग्रजी वळणाचा ल्यूशियस, माहीत होता. रोमच्या इतिहासात दर चौथा माणूस ल्यूशियस वाटावा इतके ते आहेत. सकाळी जन्मलेला मानियुस, हेही वारोच दुसरीकडे सांगतो. पण क्रेपुस्कुस! पोराचं नाव ‘संशय’. त्याचे वडील हाक मारत असतील तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटत नसणार, नावाचा अर्थ रोजच्या वापरात झिजून जातोच. आपल्याकडे संध्या असते, उषा असते, निशा आणि रजनीही असतात; पण संदेह नावाचा मुलगा मी अजून पाहिलेला नाही. ल्यूशियस जगभर पसरला आणि क्रेपुस्कुस अमितेर्नुममध्येच राहिला, याचं मला त्या दिवशी उगाच वाईट वाटलं.

वारोनंतर अडीच शतकांहून जास्त काळानं, इसवी सन २३८ मध्ये, सेन्सोरिनस नावाच्या विद्वानानं आपल्या आश्रयदात्याला वाढदिवसाची भेट म्हणून एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं रात्रीचे तुकडे ओळीनं मांडलेत. घड्याळ नसलेली माणसं रात्र कशी कापत होती ते त्यात दिसतं. आधी वेस्पेरा, म्हणजे सांज. मग क्रेपुस्कुलुम, इथे तोही तेच म्हणतो, की ही वेळ रात्रीची की दिवसाची ते अनिश्चित म्हणून कदाचित हे नाव. त्यानंतरच्या वेळेला त्याच्या काळात म्हणत ‘दिवे लागल्यावर’, आणि जुने लोक म्हणत ‘पहिली मशाल’. मी उठून उभीच राहिले. ही तर दिवेलागण! पुढचा टप्पा लोक अंथरुणाला पाठ टेकतात तो: निजानीज. त्यापुढे ‘इन्तेम्पेस्ता’, जेव्हा कुठलंच काम करणं वेळेला धरून नसतं अशी रात्र. याला आपण एका शब्दात अवेळ म्हणतो. आणि मध्यरात्र उलटल्यावर कोंबडे आरवू लागतात ती एक वेळ, ते आरवायचे थांबतात ती दुसरी. कोंबडा गप्प झाल्याच्या वेळेलाही नाव देणाऱ्या लोकांबद्दल मला आदर वाटतो.

एवढं सगळं जुळत असताना नेमका क्रेपुस्कुलुमपाशीच सांधा जुळत नव्हता. आणि हा शब्द मी मुद्दाम वापरलाय.

आपली संध्या ‘सम्’ आणि ‘धा’ यांची. एकत्र ठेवणं, जोडणं. त्याच धातूतून संधी आली: व्याकरणातला संधी, दोन राजांमधला संधी, हातची गेलेली संधी, आणि दुखरा सांधाही. संध्याकाळ म्हणजे दिवस आणि रात्र यांची जोडाची जागा. पाहणाऱ्याला आत्मविश्वास आहे. त्याला दोन्ही तुकडे स्पष्ट दिसतायत, आणि ते कुठे जुळलेत तेही. सुतारानं दोन फळ्यांच्या जोडावरून बोट फिरवावं तसा. लॅटिन माणूस त्याच आकाशाकडे बघतो आणि म्हणतो, कळत नाही बुवा. एकाला जोड दिसतो, दुसऱ्याला संशय. म्हणून ‘क्रेपस्क्युलर’ला ‘संधिप्रकाशी’ म्हणणं वेळेच्या हिशेबानं अचूक, पण भावाच्या हिशेबानं उलटं.

मग आठवली कातरवेळ.

कातर म्हणजे भ्यालेला, अधीर, हळवा झालेला. (कित्येकांना त्यात कात्री ऐकू येते, दिवसाला लागलेली. ती व्युत्पत्ती नव्हे, पण ऐकू येणाऱ्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही.) कातरवेळ म्हणताना आपण आकाशाबद्दल बोलतच नाही, आतल्या घालमेलीबद्दल बोलतो. कारण नसताना कुणाची तरी वाट बघितली जाते, आलेला माणूस ओळखीचा आहे ना हे दोनदा बघितलं जातं. हा वारोचा संशय. क्रेपेरचा खरा चुलतभाऊ शोधायचा तर तो संस्कृतच्या संध्येत सापडत नाही, मराठीच्या कातरवेळेत सापडतो.

इंग्रजीतही हा संशय आधी पोचला आणि संध्याकाळ मागून आली. सतराव्या शतकात हे विशेषण तिथे शिरलं ते लाक्षणिक अर्थानं: अस्पष्ट, अर्धवट उमगलेलं, धूसर. प्रत्यक्ष सांजवेळेचा अर्थ त्यानंतर रुळला, आणि प्राणी-कीटकांना ते लागलं थेट एकोणिसाव्या शतकात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत तर कवितेच्या एका घराण्यालाच हे नाव पडलं. १९१० मध्ये बोर्जेझे या समीक्षकानं वर्तमानपत्रातल्या लेखात काही तरुण कवींना ‘क्रेपुस्कोलारे’ म्हटलं, कारण मोठ्या कवितेचा दिवस संपला आणि मागे हा मंद, लांबलेला उजेड उरला असं त्याला वाटत होतं. कौतुक नव्हतं ते. तरी नाव चिकटलं.

लांबलेला उजेड यावरून एक गोष्ट सांगते. खगोलवाल्यांनी संशयाला जागाच ठेवलेली नाही. सूर्य क्षितिजाखाली ६ अंशांपर्यंत असेल तर नागरी संधिप्रकाश, १२ पर्यंत नाविक, १८ पर्यंत खगोलीय, आणि त्याखाली गेला की रात्र. विषुववृत्तावर सूर्य जवळपास सरळ खाली उतरतो, त्यामुळे पहिला टप्पा वीस-बावीस मिनिटांत आटोपतो. उत्तरेकडे तो तिरका घसरत जातो. लंडनमध्ये जूनच्या मध्याला तो रात्रभरात १८ अंश खाली जातच नाही. हिशेबानं पूर्ण रात्र होतच नाही. अशा देशानं एका विशेषणावर भागवलं असतं तरच नवल, पण भागवलं खरं.

या वेळेचं सगळ्यात नेमकं वर्णन मला ओव्हिड या रोमन कवीकडे मिळालं. मिनियासच्या मुलींची कथा. सगळं गाव बॅकस या मद्याच्या देवाच्या उत्सवाला गेलं, या बहिणी मात्र ‘आम्ही मानत नाही’ म्हणून घरात बसून राहिल्या, सूत कातत, माग चालवत, एकमेकींना गोष्टी सांगत. गोष्टी संपल्या तेव्हा, ओव्हिड म्हणतो, अशी वेळ आली होती की जिला अंधारही म्हणता येईना आणि उजेडही. उजेड होता, तरी ती संशयी रात्रीची शीव होती. (हिरण्यकश्यपू आठवला ना? मलाही आठवला. देवांना शिक्षा करायला हीच वेळ बरी सापडते.) त्या क्षणी मागावरच्या धाग्यांना वेलीचे फुटवे आले, घर धुरानं भरलं, बहिणी कोपऱ्याकोपऱ्यांत लपू लागल्या, आणि लपता लपता त्यांच्या अंगांना पातळ पडद्यांचे पंख फुटले. बोलायला गेल्या तर नुसता चिरका आवाज. त्या वटवाघळं झाल्या. वटवाघळाचं लॅटिन नाव ‘वेस्पेर्तिलिओ’, सांजेवरून पडलेलं, हे सांगून ओव्हिड गोष्ट संपवतो. मला त्यात शिक्षेपेक्षा कातण्याचा आवाज जास्त ऐकू येतो. दिवसभर गोष्टी सांगणाऱ्या बायका, आणि दिवा लावायचं कुणाच्याच लक्षात आलेलं नाही.

दिवा न लावता मीही एकदा बसून पाहिलं. कारण वाङ्मयीन नव्हतं. योहान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाची हकीकत वाचली होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पहाटे फुलांच्या शेतांतून फिरताना त्याच्या लक्षात आलं की दिवसा भडक दिसणारी लाल फुलं उजाडताना काळपट दिसतात आणि त्यांच्याच शेजारची पानं उजळ. डोळ्यात दोन यंत्रणा आहेत. भरउजेडात शंकूपेशी काम करतात, त्यांना ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा, पिवळट हिरवा प्रकाश सगळ्यात जास्त जाणवतो. अंधारात दंडपेशी ताबा घेतात, त्यांचं शिखर ५०७ च्या आसपास, निळ्याच्या बाजूला सरकलेलं. लाल त्यांना जवळपास दिसतच नाही. सांजेला दोन्ही अर्ध्यामुर्ध्या जाग्या असतात.

टेबलावर दोन वह्या ठेवल्या, एक लाल, एक निळी. सुरुवातीला लाल वही टेबलभर ओरडत होती, निळी आपली गप्प. दहा मिनिटांनी दोघी सारख्या. मग लाल वहीचे कोपरे आधी गेले. तिचा रंग तपकिरी, मग सुकलेल्या रक्तासारखा, मग नुसता गडद. निळी मात्र फिकट होत होत चक्क उजळल्यासारखी दिसायला लागली, जणू पाण्यावर तरंगतेय. मी डोळे चोळले. मघाशी कुठली लाल होती हे मला आठवत होतं, दिसत नव्हतं. माहीत असणं आणि दिसणं यांत चार बोटांचं अंतर पडलं होतं. वारोच्या त्या ‘पुष्कळां’मध्ये जाऊन बसले मी. म्हणजे क्रेपेर हा काही मनाचा चाळा नव्हता. ती वेळ डोळ्यालाच संशयात टाकते. भाषा नंतर आली.

सशाला मात्र संशय नाही, हे मला उशिरा सुचलं. दिवसा टेहळणाऱ्या ससाण्याची नजर मंदावते आणि रात्रीच्या शिकाऱ्यांचा अंमल पुरता बसायचा असतो, त्या फटीत हे प्राणी चरून घेतात, असा एक खुलासा दिला जातो. हरणं, घरातली मांजरं, कित्येक पतंग याच वेळेचे. माणसाला जिथे काही कळेनासं होतं तिथे त्यांचं दुकान उघडतं. आणि दुसरी गोष्ट: ते दोनदा उघडतं. प्राणिशास्त्रातलं ‘क्रेपस्क्युलर’ पहाटेलाही धरून आहे. फक्त सांजेचे असतील त्यांना ‘व्हेस्पर्टाइन’ म्हणतात, फक्त पहाटेचे असतील तर ‘मॅट्युटिनल’. लॅटिनमध्ये पहाटेला वेगळा शब्द होता, दिलूकुलुम. क्रेपुस्कुलुम मुख्यतः संध्याकाळचं.

म्हणजे कातरवेळ बाद. कातरवेळ पहाटे होत नाही. पहाटे झुंजूमुंजू होतं, तांबडं फुटतं, फटफटतं; त्या शब्दांत भीतीचा लवलेश नाही. दोन्ही टोकांना चालतो तो संधीच. प्रातःसंध्या, सायंसंध्या. इतके दिवस ज्या शब्दाला मी फार आत्मविश्वासाचा म्हणून नाकं मुरडत होते, तोच सशाच्या मापाचा निघाला. ‘संध्याचर’ लिहून बघितलं. पूजेला बसलेला ससा डोळ्यांपुढे आला. ‘संधिप्रकाशी’ लिहिलं, ससाच चमकायला लागला. शेवटी घरातलाच शब्द घेतला आणि लिहिलं: ‘दिवस आणि रात्र यांच्या सांध्यात ससे बाहेर पडतात.’

मी खूश होते. दोनदा मोठ्यानं वाचलं. पाठवून दिलं.

संपादकाचं उत्तर तासाभरात आलं. वाक्य छान आहे, पण शॉट दोन सेकंदांचा आहे, एवढं वाचून होणार नाही. त्यांनी बदलून ‘ससे पहाटे आणि संध्याकाळी चरतात’ असं केलं होतं. मी ओके लिहून पाठवलं. पडद्यावर ती ओळ येते तेव्हा ससा गवतात खाली मान घालतो, आणि ओळ जायच्या आत निघून गेलेला असतो.